रेडिएटरमधली हळद

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले, आणि त्रेपन्नाव्या वर्षी मला असं वाटू लागलं की गाडीतलं सगळं मला कळतं. मधल्या एका वर्षात मी फक्त क्लच सोडायला शिकले होते. पण तेव्हाची मी म्हणजे फार भारी बाई. कोणी काही सांगू लागलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं 'हौ, माहीत आहे' तयार.

गाडी जुनी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी, लहानशी. ती घ्यायचा हट्ट माझा. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, मध्य प्रदेशात बालाघाटला हेडमास्तर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे रस्त्यातून चालताना दर दहा पावलांना 'गुरुजी, नमस्ते'. त्यांचं म्हणणं होतं की दुसऱ्याची वापरलेली गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं. "मंग घेऊ नको म्हनत नाही मी," ते म्हणाले, "पन मले नंतर सांगू नको." या एका वाक्यामुळे पुढचं सगळं झालं, असं मी इतके दिवस सांगत आले. खरं म्हणजे झालं ते माझ्यामुळे.

घेतल्यावर चौथ्या महिन्यात सकाळी गाडीखाली पाणी दिसलं. आधी थेंब, मग तळहाताएवढं डबकं. रेडिएटर गळत होता. इंजिन तापतं, त्याच्यातून पाणी फिरतं, ते गरम पाणी पुढच्या जाळीत येऊन निवतं आणि परत इंजिनात जातं. ती जाळी म्हणजे रेडिएटर. एवढं मला खरंच माहीत होतं. मिस्त्रीकडे न्यायला हवं हेही माहीत होतं. पण मिस्त्रीकडे नेलं तर ह्यांना कळणार. तेव्हा मी काय केलं, तर पहाटे उठून अंगणात सडा टाकू लागले. ओल्यात ओलं मिसळलं की कोण विचारतं. आठवड्याभराने हे चहा पिता पिता म्हणाले, "आजकाल सडा लई मोठा पडून राह्यला." मी म्हटलं, "धूळ फार आहे."

मग मला लामता गावाकडचा एक जुना ड्रायव्हर आठवला. आमच्या भावाच्या लग्नात त्याने वऱ्हाड नेलं होतं, आणि वाटेत जीप गळायला लागली तेव्हा माझ्या आईकडून चिमूटभर हळद मागून घेऊन रेडिएटरमध्ये टाकली होती. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन बसते, फुगते आणि गळती थांबते. जुने ड्रायव्हर हे करतात. खोटं नाही ते.

फक्त चिमूटभर.

आमच्या घरची हळद घरीच कांडलेली, जाडसर. मी थंड इंजिनाचं झाकण उघडलं आणि एक मूठ टाकली. चिमटीने एवढ्या मोठ्या गाडीचं काय होणार, असा माझा हिशेब. भाजीला चिमूट, तर गाडीला मूठ. गळती कमी झाली, पण थांबली नाही, म्हणून चार दिवसांनी आणखी एक मूठ. नंतर थांबली. सकाळी गाडीखाली कोरडं अंगण पाहून मला जो आनंद झाला, तो मला मुलगी दहावी पास झाली तेव्हाही झाला नव्हता. कोणाला सांगता येत नव्हतं हेच दुःख.

मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे उकव्याला निघालो. जावई तिथे मँगनीजच्या खाणीत. बैहर रोडला लागलो तोवर गाडी बरी होती, घाट सुरू झाला आणि काटा चढू लागला. तापमानाचा तो काटा एरवी मध्यावर असतो. तो मध्य सोडून वर गेला, मी गाणं सोडून गप्प झाले, आणि ह्यांनी ते गप्प होणं लगेच ओळखलं.

"काय झालं?"

"काही नाही. चढ आहे."

लाल रेघेजवळ काटा गेल्यावर मी हीटर लावला, पूर्ण. इंजिनाची गरमी आत ओढून घ्यायची, ही युक्ती मला माहीत होती आणि ती खरीही आहे. पण मे महिना, सकाळचे अकरा, आणि पायावर भट्टीचा वारा. ह्यांनी पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवून डोक्यावर घेतला. "मले उकव्याले नेऊन राह्यली का उकडून राह्यली?" त्यांनी विचारलं. मी खिडक्या उघडल्या. पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी सागाच्या सावलीत उभी करावी लागली. पाऊण तास थांबलो. झाकण उकळत्यात उघडायचं नसतं म्हणून थांबलो. तेवढी अक्कल होती. निवल्यावर पाणी भरलं आणि कशीबशी गाडी फिरवून परत घरी आणली. मुलीसाठी केलेले सांडगे आम्हीच खाल्ले.

गाडी गेली बैहर रोडच्या कडेच्या एका टिनाच्या शेडमध्ये. तिथला मिस्त्री ह्यांचाच जुना विद्यार्थी, तिशीतला, गोंदियाला दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये दहा वर्षं काम करून नुकताच स्वतःचं टाकून बसलेला. कामात शांत. गाडीला हात लावायच्या आधी तो चार प्रश्न विचारायचा. चढावरच तापते की सपाटीवरही? एसी लावला होता काय? पंखा फिरतो काय? वाफ आधी की काटा आधी? मी सगळ्यांची उत्तरं दिली, अगदी हुशार पेशंटसारखी.

त्याने आधी पंखा तपासला. वायर थेट बॅटरीला लावली, पंखा फिरला. इंजिन ऑइल पाहिलं. त्यात पाणी मिसळलं असतं तर ते दुधासारखं झालं असतं, तसं नव्हतं. मग त्याने थर्मोस्टॅट काढला. लहानशी झडप असते ती, पाणी तापलं की उघडते आणि त्याला रेडिएटरकडे सोडते. ती त्याने सुतळीला बांधली, चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि झडप त्यात लोंबकळत सोडली. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. पाणी खदखदलं, झडप अर्धीच उघडली.

"पाहा काकू. हे आळशी झालं."

नंतर त्याने रेडिएटरमधलं पाणी एका घमेल्यात सोडलं. पिवळट पाणी. त्याने ते तळहातावर घेऊन उजेडात धरलं.

"काकू, यात तुमी काही टाकलं होतं काय?"

हे माझ्या शेजारी उभे होते. हातात छत्री, डोळे माझ्यावर.

"नाही," मी म्हटलं. "आमच्या बोअरचं पानीच पिवळं आहे. लोखंड आहे त्यात."

बोअरच्या पाण्यात लोखंड होतं हे खरं. आमच्या बादल्या तांबूस व्हायच्या, त्याने पाहिलेल्या. म्हणून त्याने मान हलवली, वरून नळी लावून पाणी सोडलं, ते खालून बऱ्यापैकी निघालं, आणि लोखंडाचा जंग, म्हणजे गंज, समजून त्याने विषय संपवला. नवा थर्मोस्टॅट बसवला, स्वच्छ पाणी आणि कूलंट भरलं. गुरुजींची बायको खोटं बोलेल हे त्याच्या चार प्रश्नांत कुठे बसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा निघालो. त्याच घाटात, एक वळण अलीकडेच, पुन्हा वाफ.

या वेळी ह्यांनी पंचा भिजवला नाही. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. संध्याकाळी मात्र चौकातल्या पानठेल्यावर ते बोलले, आणि ह्यांचं बोलणं म्हणजे वर्गात बोलल्यासारखं, शेवटच्या बाकापर्यंत. पोरगा मेहनती असेल, पण त्याला रोग कळत नाही, असं म्हणाले. दोन दिवसांत हे वाक्य गावभर. त्याच्या शेडमध्ये उभी असलेली एक गाडी मालक येऊन घेऊन गेला, हे मला भाजीवालीकडून कळलं.

त्यातच कळलं की बैहर-बिरसा रोडवर सवारी जीप चालवणारा एक मालक आपल्या चारही जीपचं काम या मिस्त्रीला द्यायच्या विचारात होता. चार जीप कायमच्या म्हणजे नव्या गॅरेजचं जगणं. तोही ह्यांचाच विद्यार्थी. पानठेल्यावरचं त्याच्या कानावर गेलं आणि त्याने फोन केला: रविवारी दहा वाजता येतो, गुरुजी, तुम्ही सांगाल तसं करतो.

शनिवारी मिस्त्री आमच्या घरी आला. ओसरीवर बसला नाही, उभाच राहिला.

"गुरुजी, गाडी आनखी एक डाव द्या."

"गोंदियाले नेतो," हे म्हणाले. "तिथं मोठे लोक आहेत."

"हौ," तो म्हणाला. आणि मला, "येतो काकू." जाताना त्याने फाटक नीट लावलं.

आता इथे मी तुम्हाला सांगितलं पाहिजे की मला रात्रभर झोप आली नाही. पण आली. चांगली झोपले. तेव्हाची मी अशीच होती. सकाळी उठून अंगण झाडताना मात्र डोक्यात आलं की दहा वाजता तो जीपवाला येईल, हे तोंड उघडतील, आणि त्या पोराचा धंदा बसेल, माझ्या दोन मुठींनी. केरसुणी तशीच टाकली, ह्यांची पूजा चालली होती तोवर गाडी काढली आणि शेडवर गेले.

"रेडिएटर खोल," मी म्हटलं.

"काहून?"

"खोल म्हटलं न मी."

त्याने आधी इंजिन चालू ठेवलं, तापू दिलं. मग वरच्या जाड नळीला हात लावला आणि मलाही दुरूनच धग दाखवली. खालची नळी कोमट. मग इंजिन बंद करून जाळीवरून तळहात फिरवला. कडेला गरम, मधोमध गार.

"आतून जाम आहे," तो म्हणाला. "पानी जाते, पन अर्ध्या नळ्यांतून. चढावर पुरत नाही."

निवल्यावर त्याने रेडिएटर काढला, उलटा करून खालच्या तोंडातून जोराने पाणी मारलं. वरच्या तोंडातून जे आलं ते पाणी नव्हतं. पातळ पिठल्यासारखं, पिवळंजर्द, आणि वासही तोच, फोडणीतल्या हळदीचा. ते शेडच्या जमिनीवर पसरलं. तो उकिडवा बसून बोटाने चोळत होता.

"काकू, हा जंग नाही."

"नाही."

"किती टाकली?"

"दोन मुठी."

"ड्रायव्हर लोक चिमूटभर टाकतात."

"मले माहीत होतं," मी म्हटलं. तेव्हाही तेच तोंडातून निघालं.

त्याने ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हात पुसत म्हणाला, "जाऊ द्या. मी गुरुजीले सांगतो का जंग होता, उशिरा सापडला. तुमचं नाव नाही येनार."

क्षणभर मला ते फार आवडलं, हे कबूल करते. पण उशिरा सापडला म्हणजे आधी सापडला नाही, आणि तेच तर हे गावभर सांगत होते. मी त्याच्याकडून स्टीलचा डबा मागितला. त्याचाच जेवणाचा डबा होता, सकाळचा, रिकामा नव्हता. पोळ्या त्याने कागदावर काढून ठेवल्या. डब्यात मी तो पिवळा गाळ भरला आणि ऑटोने घरी आले.

जीपवाला ओसरीवर बसला होता. हे सांगत होते, "लडका मेहनती है, पर..."

मी डबा दोघांच्या मध्ये ठेवला आणि झाकण काढलं.

ह्यांनी वाकून पाहिलं. "पिठलं?"

"रेडिएटर," मी म्हटलं. "गळत होता. तुमाले सांगायचं नव्हतं म्हनून मी हळद टाकली. दोन मुठी. त्यानं मले विचारलं होतं, तुमच्यासमोरच. मी नाही म्हटलं."

ह्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाले, "तीस वर्षं झाली, भाजीत हळद कमी पडते म्हनून सांगून राह्यलो. कुठं जाऊन राह्यली होती ते आज समजलं."

जीपवाला हसला नाही. गुरुजींच्या घरी कसं हसणार. त्याने मला सरळ विचारलं, "तो काकी, मिस्त्री ठीक है?"

"उसने सही सवाल पूछा था," मी म्हटलं. "झूठ मैंने बोला."

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली, पण ते पुरेसं नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. पानठेल्यावर बोललेलं ओसरीवर मान हलवून पुसलं जात नाही. माफी मागायची मात्र ह्यांना सवय नव्हती, चाळीस वर्षं दुसऱ्यांकडून ऐकूनच घेतलेली.

सोमवारी सकाळी नऊला ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, पेपर घेतला आणि पायी निघाले. रस्त्याच्या कडेला, शेडच्या अगदी पुढे, मिस्त्रीचं एक मोडकं स्टूल होतं, त्यावर बसले. तिथे बसून पेपर वाचू लागले. येणारा-जाणारा थांबायचा. "गुरुजी, इधर कैसे?"

"गाडी दिली आहे," हे म्हणायचे. "आपला मिस्त्री आहे."

बारा वाजेपर्यंत तेच. मंगळवारीही गेले. बुधवारी मी दुपारी चहाचा थर्मास घेऊन गेले, तेव्हा आमचा रेडिएटर नवी जाळी घालून तयार होता, आत त्या चारांपैकी एक जीप खोललेली होती, आणि हे मिस्त्रीला सांगत होते की स्टूल हलतं, त्याला एक खिळा मार.