सहीखालची तारीख

विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मंत्री लिहीत नाहीत. ते खालच्या कुठल्या तरी कचेरीत कोणीतरी लिहितं, वरचे साहेब त्यात एक स्वल्पविराम घालतात आणि मंत्री ते वाचून दाखवतात. मी हे छातीठोकपणे सांगते, कारण ते ‘कोणीतरी’ बरीच वर्षं मीच होते. कामगार खात्यात निरीक्षक म्हणून लागले आणि ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ असली उत्तरं लिहिता लिहिता निवृत्त झाले. आणि माझी लेक निघाली प्रश्न विचारणारी! विरोधी पक्षाची आमदार, पहिलीच खेप. आमच्याकडे जेवायला बसलं की अधिवेशन भरतं. फक्त सभात्यागाची सोय नाही. नारायण पेठेतला फ्लॅट, उठून जाणार कुठे, बाल्कनीत?

त्या रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तिचा एक प्रश्न तयार होत होता. नात लॅपटॉपवर टाईप करत होती आणि समोर, खुर्चीच्या अगदी टोकावर, येरवड्याहून आलेली एक बाई बसली होती. ती एका सरकारी रुग्णालयात सफाईचं काम करते. रुग्णालयाची नोकर म्हणून नव्हे, कंत्राटदाराची म्हणून. महिन्यापूर्वी वॉर्डातली कचऱ्याची पिशवी उचलताना तिच्या तळहातात वापरलेली सुई घुसली. हातमोजे नव्हते. ते कधीच नव्हते. रुग्णालय म्हणालं, तुमच्या कंत्राटदाराला सांगा. कंत्राटदार म्हणाला, जपून काम करायला काय होतं? रक्ताची पहिली तपासणी तिनं आपली आपण करून घेतली होती. दुसरी व्हायची होती, आणि तोवर ती घरच्या पोळ्यासुद्धा त्या हातानं भीत भीत लाटत होती. घर तिच्या एकटीच्या कामावर. तिनं आणि आणखी आठ जणींनी मिळून एक कागद लिहून आणला होता. खाली नऊ सह्या.

“हा प्रश्नाबरोबर जोडायचा,” लेक म्हणाली.

मी लगेच म्हणाले, “जोडू नकोस.”

“आई, प्लीज. पुराव्याशिवाय विचारलं तर काय उत्तर येईल? ‘अशी तक्रार प्राप्त झालेली नाही.’ तुझंच वाक्य आहे ते.”

“माझंच आहे. म्हणून तर सांगतेय.”

नातीनं स्क्रीनवरून डोळे न काढता सल्ला दिला, “आजी, चिल. ऑफिशियल डॉक्युमेंट आहे. कॉन्फिडेन्शियल राहतं ते.”

“हो का? कोणी सांगितलं? डॉक्युमेंटनं?”

ती बाई मध्येच म्हणाली, “ताई, माझं नाव घाला. मला टोचलीच आहे, आता अजून काय व्हायचंय? बाकीच्यांची नका घालू.”

अजून काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. इतक्या वर्षांत लेकीलाही सांगितलं नव्हतं, ते मग त्या टेबलावर सांगावं लागलं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि नोकरीला चार महिने झाले होते. खळ घातलेली सुती साडी, मनगटावर भलं मोठं पुरुषी घड्याळ, पर्समध्ये दोन पेनं: एक लिहायला, एक समोरच्याला दिसायला. रस्त्यानं चालताना मला खरोखर वाटायचं, की बघा लोकहो, शासन चाललंय. वाटेतली कुत्रीसुद्धा बाजूला होतात ती माझ्या हुद्द्याला मान देऊन, अशी माझी समजूत होती.

विरोधी पक्षाच्या एका आमदारांनी स्वारगेटच्या पलीकडच्या लोणच्याच्या कारखान्याबद्दल प्रश्न विचारला होता. बरण्या भरणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर नाही, हे खरे आहे काय? सोबत सात बायकांचा अर्ज. काही सह्या, काही अंगठे. साहेबांनी तो माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, दोन दिवसांत उत्तर हवं. दोन दिवस कशाला, मी अर्ध्या दिवसात उरकलं! अर्जाची प्रत मालकांच्या हातात दिली, ‘आपला खुलासा द्यावा’ म्हणून. तसंच करायचं असतं असं मला शिकवलं होतं, आणि शिकवलेलं मी फार मन लावून करायची. मालकांनी चहा मागवला. मग त्या सातही जणींना एकेक करून आत बोलावण्यात आलं आणि मालकांच्या टेबलाशी, मालकांच्या देखत, मी अत्यंत निःपक्षपातीपणानं विचारलं, “तुमची काही तक्रार आहे का?”

नाही म्हणाल्या. सातच्या सात. एक तर माझ्याकडे न बघता मालकांच्या कपबशीकडे बघत नाही म्हणाली. एवढं पाहूनही या विदुषीला काय वाटलं असेल? अर्ज खोटा आहे! मालकांनी पाळणाघरही दाखवलं. एका खोलीत कोरा पाळणा टांगलेला, दोरीला दुकानाचं लेबल तसंच लोंबतंय. मी तो शासकीय काटेकोरपणानं हलवून पाहिला. कुरकुरला नाही. तशी टिपणात नोंदही केली: ‘पाळणा सुस्थितीत आहे.’ त्यात निजणारं पोर कुठे आहे, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

उत्तर गेलं. एक: हे खरे नाही. दोन: प्रश्न उद्भवत नाही. साहेब म्हणाले, पोरगी हुशार आहे. मी त्या शाबासकीवर तीन आठवडे तरंगत होते. मग एके दिवशी बसच्या रांगेत त्या सातांमधली एक भेटली. कडेवर मूल होतं. “आम्हाला सगळ्यांना काढलं, बाई,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. “तुम्ही नावं नेऊन दिलीत ना.”

आणि मी तिला काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “मग तुम्ही रीतसर अर्ज करा.”

माझं सांगून झालं. लेकीनं कागदाची घडी घातली आणि ती त्या बाईच्या हातात परत दिली.

“मग जोडू काय?” तिनं मला विचारलं.

“काही जोडू नकोस. त्यांच्याकडून माग. मोजे दिले असं म्हणणार असतील, तर कामगारांना ते मिळाल्याची सहीनिशी पोच सभागृहाच्या पटलावर ठेवा म्हणावं. न दिलेल्या मोज्यांची पोच आणतील कुठून?”

लेकीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पन्नास वर्षांत बाकी सगळं गेलं, दात गेले, गुडघे गेले. हुशार म्हणवून घ्यायची हौस काही गेली नाही.

प्रश्न गेला. पुढचे दिवस मी मनातल्या मनात त्याच्या मागोमाग जिने उतरत होते. आज मंत्रालयात असेल, आज पुण्यात आला असेल, आज रुग्णालयाच्या टपालात पडला असेल. जेवण जाईना. नात म्हणायची, “आजी, तू त्याला पार्सलसारखं ट्रॅक करतेयस.” पार्सल असतं तर बरं झालं असतं, निदान कोणाच्या दारात पोचतंय ते आधी कळतं.

एका दुपारी फोन वाजला. ती बाई. आवाज अगदी खालचा.

“आजी, ताई फोन उचलत नाहीत म्हणून तुम्हाला केला. जिन्याखालून बोलतेय. सुपरवायझरनं मोज्यांचं खोकं आणलंय. एकेक जोड देतोय आणि रजिस्टरवर सह्या घेतोय. बारा पानं आहेत, दर महिन्याचं एक. म्हणतो, बाराही ठिकाणी करा.”

“मागच्या महिन्यांच्या?”

“अख्ख्या वर्षाच्या.”

न दिलेल्या मोज्यांची पोच कुठून आणतात, हे मी, पाळणा हलवून पाहिलेली बाई, विसरले होते. पोच मागायची अक्कल मीच दिली होती. म्हणूनच ती तयार होत होती.

“आणि नाही केली तर?”

“एकीनं विचारलं, कशाला म्हणून. तर तिला म्हणाला, तूच गेली होतीस वाटतं आमदारीणबाईंकडे? ती घाबरली, बाराही करून गेली. आजी, आता माझा नंबर येईल. करू का सही?”

सही केली की सरकारच्या हातात उत्तर तयार: मोजे वर्षभर दिले होते, सुई टोचली ती बाईच्या निष्काळजीपणानं, तपासणी तिची तिनं बघावी. नाही केली, तर कागद घेऊन गेलेली कोण, हे त्यांना बसल्या जागी कळतं. एवढ्या मोठ्या नोकरीतलं मला त्या क्षणी एकच आठवलं. आमचे साहेब तारीख न घालता सही करणाऱ्याला पुन्हा टेबलाशी बोलावायचे.

“कर,” मी म्हणाले. “पण प्रत्येक सहीखाली आजची तारीख घाल. बारीक घाल, पण नीट वाचता येईल अशी.”

“त्यानं पाहिलं तर?”

“म्हणायचं, बँकेत अशीच शिकवलीय. आणि एकटीनं घालू नकोस गं. एकटी केलीस तर डोळ्यावर येशील. पाठीमागच्यांना सांग.”

“पाच-सहा जणी करून गेल्या की.”

“मग राहिल्यात त्यांना!”

फोन बंद झाला. संध्याकाळपर्यंत मी एकच भाजी दोनदा फोडणीला टाकली. सहा वाजता तिचा निरोप आला: ‘सहा जणींनी घातली. आणखी एकीने घाबरून महिना सोडला, नुसता दिवस लिहिला.’

प्रश्नाच्या दिवशी नातीनं टीव्हीवर सभागृह लावून दिलं. मंत्री उठले आणि वाचू लागले. “हे खरे नाही. सर्व कंत्राटी कामगारांना दरमहा हातमोजे देण्यात येत असून त्याबाबतची पोच पटलावर ठेवण्यात आली आहे.” वाक्याची ठेवण इतकी माझी, की मी अभावितपणे मान डोलावली.

मग लेक उभी राहिली. “अध्यक्ष महोदय, ती पोच मी वाचली. पानं बारा महिन्यांची आहेत. त्यातल्या सहा जणींच्या सह्यांखाली मात्र बाराही पानांवर एकच तारीख आहे, गेल्या महिन्यातली. मंत्री महोदयांनी एवढंच सांगावं, की त्या रुग्णालयात बारा महिने एकाच दुपारी आले, की मोजे?”

हसणं, बाकं वाजवणं, समोरून आरडाओरडा. मंत्री म्हणाले, तपासून घेण्यात येईल. अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारत होते, तरी लेक बसेना. “आणि सुया टोचलेल्या बायकांची तपासणी? ती कोण करणार?” शेवटी मंत्री वैतागून म्हणाले, ती रुग्णालयामार्फत मोफत करण्यात येईल. ‘करण्यात येईल’! सभागृहात दिलेलं आश्वासन. ते सहजासहजी गिळता येत नाही, एवढं मला माहीत आहे.

“आजी, जिंकलो आपण!” नातीनं मला गदागदा हलवलं.

मी मनात तारखा मोजत होते. सहा तारखा म्हणजे सहा बायका. ज्या रजिस्टरवर त्या तारखा होत्या, ते कंत्राटदाराचंच. कागद मी परत करायला लावला खरा, पण नावं दुसऱ्या दारानं मीच पोचवली होती.

मी त्या बाईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नातीनं मोजले म्हणे, अकरा वेळा. चार वाजता तिचाच आला.

“किती फोन केलेत, आजी! मोजे घातल्यावर स्क्रीन चालत नाही हो.”

“अगं, काही बोलले का तुला?”

“बोलले. आम्हा सहा जणींची नावं लिहून नेली वरती. पण तपासणीची चिठ्ठीपण दिली. गुरुवारी बोलावलंय.”

“नावं कशासाठी नेली?”

“ते कुठे सांगतात? नवं कंत्राट एक तारखेपासून आहे. तेव्हा यादी लागेल, कोणाला ठेवलं ती.” मागून कोणीतरी तिला हाक मारली. “आज तरी मी कामावर आहे, आजी. ठेवते, एक वॉर्ड राहिलाय.”

गुरुवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे. लेक म्हणते, तुझे गुडघे बघ, मी कोणालातरी पाठवते. पाठव म्हटलं, मी पण जाणार. एक तारखेला यादी पाहायलाही जाईन. लेकीनं दुसरा प्रश्न लिहून तयार ठेवलाय, त्या सहांपैकी कोणाला काढलं तर लगेच टाकायला. तो मी तीनदा वाचला. त्यात कोणाचं नाव नाही, कोणाकडे बोट जाईल असा शब्दही नाही. तरी मला काही धीर येत नाही.