हे येत नाही

इतिहास मला शाळेत आवडायचा. कर्जतच्या कॉलेजात एफवायबीएला घेतला आणि त्याची शिसारीच बसली. सर आधुनिक भारताचा इतिहास गाईडातून वाचून दाखवायचे, आम्ही तो वहीत उतरवायचो. मध्येच कुणीतरी विचारायचं, "सर, हे येतं का?" येतं म्हणजे परीक्षेत येतं. सर "येत नाही" म्हणाले की सगळी पेनं एका दमात त्या उताऱ्यावर काट मारायची. फाळणीतले निर्वासित असे गेले, दुष्काळ असेच गेले. वर्ग खूश.

माझ्या बाकावर माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली मुलगी बसायची. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, एक विषय जरी राहिला तरी कॉलेज बंद, वर हॉटेलात भांडी घासायला जायचं. तिला धास्ती इतिहासाचीच. म्हणून प्रकल्प जमा करायच्या आदल्या दिवशी तिनं तो मला दाखवला. मी भिसेगावची, वर्गात पहिली, शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे.

विषय होता इंग्रजांचे जंगल कायदे. पाच पानं गाईडातली, जशीच्या तशी. सहाव्या पानावर तिनं स्वतःचं लिहिलं होतं. मागच्या महिन्यात आईला जंगलच्या गार्डानं अडवलं, कोयता काढून घेतला, सुक्या लाकडांची मोळी तिथंच टाकायला लावली. शेवटी एक ओळ: इंग्रज गेले, मग गार्ड कसा राहिला?

अख्ख्या वर्षात इतिहासाचा खरा प्रश्न तेवढा एकच कुणी विचारला.

"हे येत नाही गं," मी म्हणाले. "सर मार्क कापतील."

"पन खरं हाय ना?"

"खरं असलं म्हणून काय झालं?"

हे मी बोलले. सरांच्या नावानं रोज बोटं मोडणारी मी! पानभर तिरकी रेघ मीच ओढली आणि गाईडातले सहा मुद्दे तिला सांगितले. तिनं ते लिहून घेतले. आजही ती रेघ आठवली की स्वतःची किळस येते.

ती पास झाली. निकालाच्या दिवशी माझ्यासाठी पळसाच्या पानात करवंदं घेऊन आली. टोमणा नव्हता त्यात, अगदी मनापासून म्हणाली, "घे गं. बरं झालं, तू आईला खोडलंस."