बिबट्याची नजर

दर रविवारी मी हॉलमधल्या फोटोची काच पुसते आणि स्प्रेचा झोंबरा वास आला की राणीच्या बागेतली ती सकाळ आठवते. आमचा मुलुंडचा फोटो क्लब बिबट्या टिपायला गेला होता. फाटकाशीच मी सगळ्यांना बजावलं, "शिट्ट्या मारायच्या नाहीत, पिंजऱ्याची काच वाजवायची नाही." "हो हेडमास्तरीणबाई," क्लबमधली माझी मैत्रीण म्हणाली. बिबट्या आमच्याकडे पाठ करून ओंडक्यावर गाढ झोपला होता. ऊन चढलं, घामाने कॅमेरा हातातून निसटू लागला, एकेक जण कंटाळून हत्तीकडे गेला. मी एकटी उरले आणि अंगठीने काचेवर टकटक केलं. तो दचकून उठला, कान मागे पाडून वळला आणि मी बटण दाबलं. क्लबमध्ये तो फोटो मोठ्या पडद्यावर आला तेव्हा टाळ्या पडल्या आणि मध्येच थांबल्या. कोपऱ्यात, काचेत, माझ्या उगारलेल्या हाताचं प्रतिबिंब होतं, अंगठीसकट. "बेल नव्हती का गं त्याच्या दाराला?" मैत्रिणीने विचारलं. सगळे हसले, माझे कान तापले. घरी येऊन मी तो कोपरा कापून टाकला. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही, त्याने कौतुकाने फोटो मोठा करून भिंतीवर लावला. पण बिबट्या कॅमेऱ्याकडे बघतच नाही, जरा बाजूला बघतो, जिथे माझा हात होता तिथे. पाहुणे हमखास विचारतात, "कुठे बघतोय हा?" मी म्हणते, "पक्षी असेल एखादा," आणि चहा टाकायला आत जाते.