पितळी गंजातलं ताक

कुणी ताकाचा पेला पुढे केला की मला वैशाली नगरमधलं ते घर आठवतं आणि हात आपोआप मागे येतो. विषप्रयोगाच्या संशयावरून मी त्या घराची झडती घ्यायला गेलो होतो. स्वयंपाकघरातली हळद, तिखट, मीठ, औषधांच्या बाटल्या असं सगळं पंचांसमक्ष जप्त केलं, लाख लावून सील केलं. उन्हाळ्याचे दिवस, गणवेश पाठीला चिकटलेला. घरातल्या म्हाताऱ्या काकांनी जिरं-मीठ घातलेलं गार ताक आणून दिलं. मी मूळचा वर्ध्याकडचा. ताकाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. दोन पेले प्यायलो, मिशा पुसल्या आणि पंचनाम्यावर सही केली. त्या घरातून जी एक वस्तू तपासायला न्यायला हवी होती, ती मी पोटात घालून घेऊन गेलो होतो. हे मला कळायला बरेच दिवस लागले. इतकी वर्षं खात्यात काढूनही माणूस किती तल्लख राहू शकतो, त्याचा हा नमुना.

तेव्हा मी भिलाईतल्या एका ठाण्याचा टी.आय., म्हणजे ठाणेदार होतो. प्रकरण सुरू झालं एका फोनने. सकाळची हजेरी आटोपून शिपाई आपापल्या बीटवर निघत होते, मुन्शी रोजनामच्यात नोंदी करत होता. फोनवरची बाई आधी हिंदीत बोलली, मग माझं आडनाव विचारून मराठीवर आली. स्वतःचं नाव सांगायला मात्र तयार नव्हती.

"साहेब, वैशाली नगरात एक सून सासूले अन् पोटच्या पोरीले शेंदूर चारून राहिली. लेकरू गेल्यावर येसान का तुमी?"

गवयाचा आवाज बसावा म्हणून हितशत्रू विड्यातून शेंदूर चारत, अशा गोष्टी लहानपणी मोठ्यांकडून ऐकल्या होत्या. तक्रार म्हणून ती पहिल्यांदाच कानावर पडली. निनावी फोनांतले निम्मे शेजारणींच्या भांडणातून आलेले असतात, त्यामुळे मी लगेच जीप काढली नाही. पण दुपारी इस्पितळातून रीतसर सूचना आली. शाळेत जेमतेम जायला लागलेली एक मुलगी, पोटात कळा, उलट्या, आता झटके. रक्तात शिसं भरमसाट. तिच्या आजीलाही तोच त्रास. पत्ता वैशाली नगरचा. फोन करणारी बाई आजीची सख्खी बहीण निघाली, सेक्टर दहामध्ये राहणारी. ते शोधायला काही अक्कल लागली नाही. इस्पितळात सगळ्यांत मोठ्याने तीच बोलत होती.

घर अमरावतीकडचं. काका, म्हणजे सुनेचे सासरे, पोलाद कारखान्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, मुलगा तिथेच नोकरीला. मुलाने धमधा बाजूच्या एका छत्तीसगढी मुलीशी स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं. सासूने सुनेला घरात घेतलं, पण कुठपर्यंत घ्यायचं ते आपणच ठरवलं. सून धुणं धुई, कुकर लावी, स्टीलची भांडी घाशी. वरण, कढी, ताक हे सासूचं राज्य. नातीवर मात्र आजीचा जीव. पोरगी आजीच्या ताटात जेवायची, आजीच्या कुशीत झोपायची.

डॉक्टर शांत, कमी बोलणारे होते. त्यांनी घरच्यांना बरेच प्रश्न विचारले होते. कुणी जुन्या बॅटऱ्या फोडतं का? भिंतींचा जुना रंग खरवडला का? मुलीच्या डोळ्यांत सुरमा घालता का? कुणी वैदूकडची भस्मं घेतं का? सगळ्याला उत्तर एकच, नाही. मला ते म्हणाले की अन्नातलं शिसं रंगावरून, वासावरून, चवीवरूनही सापडत नाही. थोडं थोडं जात राहतं आणि हाडांत मुक्काम करतं. मोठ्या माणसाच्या पोटापेक्षा लहान मुलाचं पोट ते जास्त ओढून घेतं, आणि मुलांच्या बाबतीत ते मेंदूला सोडत नाही.

त्याच दिवशीच्या झडतीत सुनेच्या पेटीत बंदनाची पुडी मिळाली. बंदन म्हणजे तिकडच्या बायका भांगात भरतात तो नारिंगी शेंदूर. आमच्या मराठी घरांत कपाळाला कुंकू लावतात, त्यामुळे सासूला ते पहिल्यापासून खुपत होतं. पुडी प्रयोगशाळेत गेली. आजी आणि नात औषधांनी सावरून घरी आल्या. घरच्यांनी सुनेला माहेरी पाठवून दिलं, पोरगी आजीजवळ ठेवून घेतली. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "सर, मुझे कुछ समझ नहीं आ रहा," आणि ते खरंच होतं. त्याला काहीही समजत नव्हतं.

अहवाल आला. मसाले स्वच्छ, बंदनात शिसं. माझ्या दृष्टीने गणित सुटलं होतं. सासूचा जाच हे कारण. बंदन हे साधन. आणि घरात तेच जेवण असताना सून मात्र धडधाकट, हा पुरावा. गुन्हा नोंदवला होताच, आता अटक तेवढी बाकी होती. वरिष्ठांनी फोनवर शाबासकीही देऊन टाकली.

अटकेचे कागद टेबलावर असतानाच इस्पितळातून फोन आला. पोरीला पुन्हा झटके आले होते, आधीपेक्षा जास्त. आणि तिची आई कित्येक दिवसांपासून गावाला होती, घराच्या उंबऱ्याला शिवलीसुद्धा नव्हती.

मी सुनेला ठाण्यात बोलावलं. बापाबरोबर आली. महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, तिच्याशेजारी बसली. पंचविशीची, काटक पोरगी. रडली नाही. मी काही विचारण्याआधी म्हणाली, "सर, गिरफ्तार करना है तो कर लो. पहले एक बार बच्ची को देख लेने दो. बाद में तो कोई देखने नहीं देगा."

चौकशीचा माझा एक साधा नियम होता. 'का केलंस' विचारलं की माणूस मिटतो. 'काल काय जेवलास' विचारलं की उलगडतो. म्हटलं, सासरी तुझा दिवस कसा जायचा ते सकाळपासून सांग. ती सांगू लागली. सकाळी उठून बासी खायची, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून, वर कांदा आणि चटणी. माहेराहून आणलेला स्टीलचा कटोरा, तो मोरीजवळच्या फळीवर वेगळा ठेवलेला. दुपारी भात आणि कोरडी भाजी. रात्री पुन्हा तेच.

"अन् ताक? कढी?" मी विचारलं.

"वो माँजी के गंज का है. त्याले मी हात नाही लावत." गंज म्हणजे आमच्याकडचं उभट पातेलं; सासूचा पितळी होता.

"कावून?"

तिने हिंदी पार सोडली. मग मराठीतच म्हणाली, "मी मराठी शिकली, साहेब. पोरीसाठी शिकली. पन त्या गंजाले माया पदर जरी लागला न, तं त्या फिरून इमलीनं घासतात. माया समोर."

महिला आरक्षक माझ्याकडे बघू लागली. मी कागदांकडे. ज्या भांड्याला हिचा पदर लागू दिला जात नव्हता, त्यात ही शेंदूर कालवणार कधी? आजारी पडलेल्या दोघी त्याच भांड्यातलं खात होत्या. काकांना सांधेदुखी, आंबट वर्ज्य; ते ठीक होते. मुलगा दुपारी कँटीनमध्ये जेवायचा आणि रात्री घरी. त्याच्या पोटात अधूनमधून दुखायचं, पण त्याला ते ड्युटीचं वाटे. घरातले आजारी आणि निरोगी असे दोन गट मी पाडले होते ते बरोबरच होते. फक्त त्या गटांमधली रेघ सुनेच्या मनातून जात नव्हती, त्या पितळी गंजावरून जात होती.

मी तसाच त्या घरी गेलो. गंज ओट्यावर चकचकीत पालथा घातलेला. पोलाद पिकवणाऱ्या गावातलं घर, मांडणीवर खालपासून वरपर्यंत स्टील. पण स्टीलच्या भांड्यात कढीला चव येत नाही, असं सासूचं ठाम मत होतं. ताक रात्रभर त्यातच, सकाळी त्याचीच कढी. काकांना विचारलं की कल्हई केव्हा केली. त्यांना त्या प्रश्नाचा आनंदच झाला. म्हणाले, आता कल्हईवाला कुठे येतो हो, बायको रोज कटकट करून राहिली होती, म्हणून मीच डोकं चालवलं. गाड्यांचे रेडिएटर झाळतात त्या दुकानात गंज नेला. त्याच्याकडे भट्टी असते, रांगा, म्हणजे झाळायचा धातू, असतो. "त्यानं पहा, आरसा करून देल्ला."

आरसा खरा होता. कल्हईला शुद्ध कथील लागतं. झाळकामाच्या रांग्यात शिसं मिसळलेलं असतं, ते लवकर वितळतं म्हणून. रेडिएटरला त्याने काही होत नाही. रेडिएटरमधलं पाणी कुणी पीत नाही. इथे त्या लेपावर रोज रात्री ताक आंबत होतं, वर चिंचेची घासणी. आंबटाने शिसं सुटतं आणि पोटात जातं. प्रयोगशाळेने पुढे ते लिहून दिलं. सुनेचं रक्त तपासलं तेव्हा त्यातही थोडं शिसं होतं, बंदनातून आलेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले, आणि पुडी फेकून द्यायला लावली. माझंही रक्त त्यांनी तपासलं. दोन पेल्यांनी तुमचं काही बिघडलेलं नाही, म्हणाले. जे आहे ते आधीचंच असेल. मी पुढे विचारलं नाही.

आजीला सांगायचं काम माझ्यावर आलं. मुलगा तयार नव्हता आणि काका तर इस्पितळाच्या जिन्यात बसून राहिले होते. नात पडद्यापलीकडच्या खाटेवर, नळ्या लावलेली. आजीचा उजवा हात मनगटातून लुळा पडला होता. उचलायला गेली की पंजा खाली लोंबे. मी सगळं सांगितलं. ती पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "लेकराले कढी-भात लय आवडे. मी माया हातानं चारत होती."

मी काहीतरी पुटपुटलो, तुमचा दोष नाही वगैरे. तिचं लक्ष नव्हतं.

"तिच्या मायले कधी देल्लं नाही, साहेब," ती म्हणाली. "तिच्या मायले मी एक थेंब नाही देल्ला."

कागदोपत्री प्रकरण तिथे संपलं. न्यायालयात खात्मा अहवाल पाठवला. म्हणजे गुन्हा घडल्याचं आढळलं नाही, फाईल बंद. रेडिएटरवाल्याला बोलावलं तर त्याने कानाला हात लावले. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की शिसं खाल्ल्याने माणूस मरतो, आणि मी त्याला रागावणार होतो कोणत्या तोंडाने? फोन करणाऱ्या बहिणीने नंतर ठाण्याला फोन केला नाही, बहिणीकडेही फारशी गेली नाही. पोरगी वाचली. अंगातलं शिसं काढायची औषधं असतात, ती बरेच दिवस चालली. पण मेंदूतून जे गेलं ते औषधाने परत येत नाही. आधी तुरूतुरू बोलणारं लेकरू आता एक शब्द शोधायला थांबतं, आणि सापडला नाही की आईच्या तोंडाकडे बघतं. शाळेने त्याच वर्गात ठेवली आहे.

काही महिन्यांनी जप्तीतलं सामान परत करायच्या निमित्ताने मी त्या घरी गेलो. सून स्वयंपाक करत होती. सासूचा हात सुधारला नव्हता. सुनेने ताट वाढलं, सासूजवळ बसली आणि घास कालवून तिला भरवू लागली. सासूने मान खाली घालून खाल्लं. पोरगी मध्येच येऊन आईच्या पाठीवर पडली.

नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो: गुन्हा म्हटला की गुन्हेगार असतोच. या प्रकरणाने ती पाटी पुसली. इथे विष होतं, बळी होते, आणि शोधून शोधून सापडला तो एका आजीचा लाड. तिऱ्हाईत म्हणून ताटापासून लांब ठेवलेली ती वाचली, आणि वाचली म्हणूनच आम्ही तिला जवळजवळ तुरुंगात टाकलं होतं. माणूस धडधाकट आहे हा पुरावा मानू नये, एवढं तरी मी नंतर हाताखालच्या पोरांना सांगत असे.

त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. सून कशी घास भरवत होती, सासूने कसं मुकाट खाल्लं. एवढ्या वाईटातून एक बरी गोष्ट झाली, शेवटी तिला स्वयंपाकघरात जागा मिळाली, असंही वर म्हणालो. बायको कणीक मळत होती. मळता मळता थांबली, आपल्या पिठाळ हाताकडे बघितलं.

"त्या म्हातारीचा हात चालत असता," ती म्हणाली, "तं तिनं हिले चुलीपाशी येऊ देल्लं असतं का?"