मस्कत अडीच तास

लग्न होऊन मी धुळ्याला गेले आणि त्याच वर्षी धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला लागला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यावलजवळच्या आमच्या गावी माहेरी आले, तर मायचं एकच पालुपद: मस्कत किती लांब?

मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि शहाणपण मिरवायची खोड होतीच. नकाशावर मुंबई ते मस्कत दोरा ताणला, पट्टीवर मोजला, विमानाच्या वेगानं भागलं आणि ऐटीत सांगितलं, "अडीच तास."

"आन् धुयं?"

"एस.टी.नं पाच. अमळनेरची गाडी चुकली तर सहा."

माय खुदकन हसली. "मंग तूच दूर गेली, माय. पोरगा तर जवयच आहे माहा."

तेव्हापासून ती गल्लीभर हेच सांगत सुटली. मला राग यायचा, हेवाही वाटायचा. पण तिला बरं वाटतंय ना, म्हणून मी खोडून काढलं नाही. मुंबईहून जळगावची रेल्वे, पुढं यावलची एस.टी., यातलं काहीच माझ्या दोऱ्यात नव्हतं.

तीन वर्षांनी मायनं अंथरूण धरलं. मी सगळं टाकून आले. एका सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, केळीच्या व्यापाऱ्याकडे जाऊन भावाशी फोनवर बोलून आले. तेव्हा नऊ वाजले होते.

"निघतो म्हने," आबा म्हणाले.

मायनं घड्याळाकडं पाहिलं. मला म्हणाली, "भरताची वांगी भाज."

भरीत भावाच्या आवडीचं. मी कापसाच्या काड्या पेटवून वांगी भाजली, ठेचली, भाकरी टाकायला घेतल्या. माय खाटेवरून विचारत होती, "किती वाजले?" दहा. साडेदहा. मी बावळटासारखी वेळ सांगत राहिले. तिचा चेहरा इतका उजळला होता की खरं सांगायला जीभच रेटेना.

साडेअकरा झाले. मग मात्र उशाशी बसून तिला सगळं सांगितलं. पासपोर्ट मालकाकडे असतो, विमानात जागा मिळावी लागते, मुंबईहून इकडं यायलाच एक रात्र जाते. तिनं ऐकून घेतलं.

"तूच त सांगितलं होतं अडीच तास," ती म्हणाली. "त्यालेच यायचं नसीन." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

मी पुन्हा पुन्हा सांगितलं, रडले, तिच्या पाया पडले. दिवेलागणीला ती गेली, तेव्हाही तोंड भिंतीकडंच होतं.

भाऊ चौथ्या दिवशी पोचला. तोवर राख सावडून झाली होती. बॅग खाली न ठेवताच त्यानं विचारलं, "अक्का, मायनं वाट पाहिली?"

"पाहिली."

"किती वेळ?"

"अडीच तास."

त्यानं बॅग ओट्यावर ठेवली. म्हणाला, "मग मी काही केलं असतं तरी पोचलो नसतो, अक्का."

ते मला ठाऊक होतं. पटलं नव्हतं ते फक्त मायला.