मोती चावला ती सकाळ

काल तुळिंजला माझ्या मुलीला मांजराने बोचकारलं. दवाखान्यात नर्सने इंजेक्शनाआधी तिचा हात नळाखाली साबणाने बराच वेळ धुतला. साबणाच्या त्या वासाने मी मनाने भुईगावला मेरीमावशीच्या विहिरीवर जाऊन पोचले.

मावशी कपडे धूत होती. घरचाच कुत्रा मोती एकाएकी तिच्या मनगटाला चावला. फेस लाल झाला. काकांनी धावत येऊन तो फेस पुसला आणि जखमेवर हळद-चुना दाबला. जखम धुवायची असते, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

“डॉक्टरकडे जाऊ या?” काकांनी विचारलं.

“आपलाच मोती तो, काय होतंय!” मावशी हसली. केळीच्या पानांतून तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं.

त्याच आठवड्यात मोती मेला. आम्ही त्याला रडत वाडीत पुरलं, पण तेव्हाही मावशीला लस द्यायचं कुणाला सुचलं नाही. नाताळच्या आधी ती पाण्याचा पेला पाहून थरथरू लागली आणि दोन दिवसांत गेली.

काका म्हातारपणी म्हणायचे, “मी तिला विचारत कशाला बसलो? हाताला धरून न्यायचं होतं.”