दहा थेंब ग्लुकोज

कुहीचा शालिकराम नागपुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सात वर्षं रोजंदारीवर काचेची भांडी धूत होता. माणूस भला, पण माया लावायची खोड भारी! काचेच्या चंबूत वाढवलेल्या जंतूंनासुद्धा तो ‘लेकरं’ म्हणायचा. आता काय बोलावं!

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. सुमतीबाई तिथे संशोधन करत होत्या. जंतूंमध्ये दुधातली साखर पचवणारं एक जनुक असतं, पण ते एरवी निजलेलं असतं. ती साखर दिली की ते जागं होतं, आणि तपासणीत नळी पिवळी होते. निदान व्हायला हवी. चार महिने झाले, नळी पिवळी व्हायचं नाव घेईना.

"या जंतूंतच खोट आहे," बाई एका सकाळी रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "उद्या सगळे उकळून फेकते आणि हा विषयच सोडते."

हे ऐकलं आणि खोट खरं तर कुठे असणार, ते शालिकरामला उमगलं. चांगल्या कामाआधी तोंड गोड करतात, म्हणून हा बाबा नव्या चंबूंत गुपचूप ग्लुकोज टाकत आला होता! सांगावं तर नोकरी जाणार. त्याला कायम करायचा कागद त्याच आठवड्यात विभागप्रमुख मधुसूदन सरांच्या टेबलावर सहीला आला होता. दुपारी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. तो तसाच उठला आणि सरांच्या खोलीत गेला. बाईही तिथेच होत्या.

"बाई, लेकरायची चूक नाही जी. मीच त्याइले ग्लुकोज देऊन राहिलो होतो."

"अक्कल गहाण टाकली होती का रे?" सर कडाडले.

बाई मात्र ताडकन उठल्या. आयतं ग्लुकोज मिळालं तर जंतू दुसऱ्या साखरेकडे कशाला बघतील? जनुक निजूनच राहणार!

"किती टाकलंत?"

"दहा थेंब. चंबू लावला का दहा."

"सगळ्यांत सारखे? एकदाही चुकलं नाही?"

"मंग! एकाले कमी, एकाले जास्त, असा भेद कसा करीन जी?"

दुसऱ्या दिवशी बिनग्लुकोजचे चंबू लावले. संध्याकाळी नळी हळदीसारखी पिवळी झाली, आणि बाई खुशाल सगळ्यांसमोर रडल्या. थेंब मोजलेले, म्हणून चार महिन्यांचे आकडेही वाया गेले नाहीत. ग्लुकोज असेपर्यंत जनुक जागं होत नाही, हे त्यांतच लिहिलेलं होतं. प्रबंधाचा अर्धा भाग आयता तयार!

सरांनी कागद पुढे ओढला. "चुका सगळेच करतात रे. मोजून करणारा आणि स्वतःच्या तोंडानं सांगणारा मला दुसरा कुठे मिळणार?" म्हणत त्यांनी सही ठोकली.